भरतीबाई, थांब

श्री

बोर्ली पंचतन,
रविवार, ता. ९ डिसेंबर १९३४

चि. कमळ हीस रावजीमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी पोचले. आम्ही दोघे बरे आहोत. तुझ्या मैनामामीचा गुडघा भाताच्या झोडणीत दुखावला होता, आता ती पुन्हा विहिरीवर जाऊ लागली आहे. शाळेत या साली पटावर त्रेपन्न मुले आहेत आणि त्यांत नऊ मुली, म्हणजे बोर्लीच्या मानाने पुष्कळच. तुझे अक्षर फार वळणदार झाले आहे. तुझ्या वडिलांची कोर्टातली नोकरी ठीक चालली आहे हे वाचून समाधान वाटले. त्यांना माझा नमस्कार सांग. आईलाही.

तू लिहितेस की, फायनलच्या मुलींना लावलेल्या कवितासंग्रहात 'किनाऱ्यावरची माता' ही माझी कविता निघाली आणि तू साऱ्या वर्गाला सांगितलेस की हे माझे सख्खे मामा. तुमच्या बाईंनी या कवितेचे रूप, वृत्त आणि भाव यांवर निबंध घातला आहे, आणि जो उत्तम ठरेल तो संक्रांतीच्या समारंभात मुलींच्या आयांसमोर वाचायचा आहे. 'माझा पहिला आला तर आईला पुढच्या रांगेत बसवीन' असे तुझे वाक्य आहे. ते मी दोनतीनदा वाचले.

विचारलेस त्याची उत्तरे देतो. कडवी तीन आहेत, पण पुढची दोन पहिल्यावरच चढवलेली आहेत. तेव्हा पहिलेच धरू.

निघाली कुणाची दुरी आज नौका
उरी राहिला फक्त काळीज-ठोका
उठे पाउलांची किनारीस खूण
पुसो ना तिला, सागरा, ये जपून

वृत्त भुजंगप्रयात. वही पुढे घे आणि अक्षरांखाली खुणा कर. 'नि' हलके, 'घा' जड, 'ली' जड. 'कु' हलके, 'णा' जड, 'ची' जड. एक हलके आणि दोन जड, असे चारदा. ओळीला बारा अक्षरे. 'फक्त' मधला 'फ' एरवी हलका, पण पुढे जोडाक्षर आले म्हणून तो जड धरायचा. 'खूण' आणि 'जपून' यांतले शेवटचे अक्षर ऱ्हस्व असले तरी ओळीच्या टोकाला ते गुरू मानतात. हे परीक्षेत हमखास विचारतात.

भुजंग म्हणजे साप आणि प्रयात म्हणजे चाल. उपदेशाच्या गोष्टी सांगायला हे वृत्त फार सोयीचे, पोरे एका सुरात म्हणतात आणि लवकर पाठ होते. रडायला ते कितपत सोयीचे आहे, हे तू मोठ्याने म्हणून ठरव.

सागराला माणसासारखी हाक मारली आहे, म्हणून चेतनगुणोक्ती. दोषही लिही, बाईंना आवडेल. 'फक्त' हा शब्द मात्रा भरायला घातलेला आहे, अर्थाला त्याची गरज नाही. 'खूण' आणि 'जपून' हे यमक कच्चे, एकात ण आणि दुसऱ्यात न. आणि खाडीकाठच्या गावात वाढलेल्या कवीने सागराला कशाला बोलवावे, असे कोणी विचारले तर उत्तर माझ्यापाशी आहे, पण ते निबंधात घालण्याजोगे नाही.

भाव करुण. तान्हे मूल गमावलेल्या आईचा शोक. पुस्तकाच्या टिपेत तेच असेल, तेच लिही.

गुरुवार, ता. १३

वरचे लिहून पाकीट बंद केले होते. ते आज फोडले. मैना म्हणाली, "भाचीला कागद लिवायला चार दिस? काय लिवताव येवढं?" मी म्हटले, वृत्त समजावून सांगतो आहे. "मग सांगा की नीट," एवढे बोलून ती कामाला लागली.

नीट सांगतो. कमळ, ती कविता माझी नाही. ती तुझ्या आईची ओवी आहे. मी ती घेतली, वृत्तात बसवली आणि खाली माझे नाव घातले.

आमची आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि बाय, म्हणजे तुझी आई, दहाची. पुढच्याच वर्षी तिचे लग्न झाले. ती सासरी गेली ती मला कडेवर घेऊन. तुझ्या आजीने उंबऱ्यातच विचारले, "हे कुनाचं?" बाय म्हणाली, "माझंच." अकरा वर्षांची नवरी ती. तुझे वडील हसले, तुझे आजोबा हसले आणि मी त्या घरात राहिलो. तिथल्याच भाताने वाढलो. पुढे आजोबांनी मला खाडीपल्याडच्या गावी शाळेत घातले, तेव्हा मी सुट्यांतच घरी येत असे.

मी आठ वर्षांचा असताना बायचे पहिले मूल गेले. सोनू त्याचे नाव. जेमतेम सहा महिन्यांचा होता. त्या साली शिमग्याला घरी आलो आणि जात्यावर तिची ही ओवी प्रथम ऐकली. मी तेव्हाच समजलो की ही सोनूची.

मग १९२२ साली मी पुण्यास ट्रेनिंग कॉलेजात होतो. बरोबरीचे सगळे कविता करत, मासिकांकडे धाडत. माझ्याकडून काही होईना. शब्द जुळत, पण आत काही नसे. एके दिवशी भुजंगप्रयाताचा सराव म्हणून बायची ओवी त्यात बसवून पाहिली. मित्रांना वाचून दाखवली तेव्हा एकाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने विचारले, "ही तुमचीच?" मी हो म्हटले. त्यानंतर नाही म्हणायची वेळ पुष्कळदा आली होती. कविता छापून आली, लोकांनी नावाजली, आणि मास्तर कवी आहेत असे गावोगाव झाले.

पुढच्या शिमग्याला अंक घेऊन घरी आलो. तेव्हा तुम्ही खाडीकाठच्या घरीच होता. तू पाच वर्षांची, माझ्या मांडीवर बसली होतीस. अंगणात वीसेक माणसे. बाय दाराशी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी कविता वाचली. बायचे सूप थांबले. ती म्हणाली, "वाच बघू परत." मी परत वाचली. "बरं हाय," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

दुसऱ्या सकाळी जाते ऐकू आले, पण आवाज नुसता दगडाचा. मी चार दिवस होतो. चारही दिवस ती मुकाट्याने दळत होती. मला वाढले, निघताना पोह्यांची पुरचुंडी दिली, एक शब्द वावगा बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. मी येणे कमी केले, मग बंदच केले. पावसाची सबब सांगितली, शाळेची सांगितली, होडीची सांगितली. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. मामा का येत नाहीत याचे तुला घरी काय सांगतात मला ठाऊक नाही. तुझ्या वडिलांनी मला कधी दुखावलेले नाही. कारण एवढेच आहे.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरे पुन्हा देतो. मूळ ओवी अशी:

खाडीला भरती, होडी पल्याड लागली
पदराखालची ऊब, माझी घेऊन ती गेली

ओहोटीच्या चिखलात, उठलं पाऊल बारीक
भरतीबाई थांब, मला बघू दे आणीक

या ओवीला अक्षरे मोजून चालत नाही. हिचे माप जात्याचे. खुंट्याच्या एका फेऱ्यात एक तुकडा. मध्ये मी स्वल्पविराम दिला आहे तिथे बाय हातातली मूठ जात्यात वैरत असे, तेवढा वेळ गळा थांबे. दाणे जास्त असले तर जास्त थांबे. म्हणून एक तुकडा आखूड आणि एक लांब झाला तरी कानाला खटकत नाही. मी ती ओळ बारा अक्षरांत दाबली आणि थांबण्याची जागाच बुजवून टाकली.

रूप पाहा. चिखल मला कवितेत चालेना, म्हणून मी किनारा आणला. आपल्या खाडीला किनारा कुठे आहे? ओहोटीला गुडघाभर चिखल असतो. पदराखालची ऊब गेली आणि काळीज-ठोका आला, कारण त्याला नौकेशी यमक जुळत होते. बायने भरतीला बाईमाणूस मानले आणि शेजारणीला म्हणावे तसे 'थांब' म्हटले. मी त्या जागी सागर बसवला आणि त्याची विनवणी केली. आणि 'मला बघू दे आणीक' हे तर पार गाळले, ते मला कुठेच बसवता आले नाही. साऱ्या ओवीचा जीव तिथे आहे. पाऊल पुसणार हे तिला माहीत आहे. ती पुसू नको म्हणत नाही. थोडा वेळ मागते.

भाव मात्र मी बदलला नाही, तो सोनूच्या शोकाचाच आहे. माझ्या चोरीतली तेवढी एक गोष्ट तरी खरी राहिली.

हे पत्र आईला वाचून दाखव. तिच्यासमोर बसून सांगायला हवे होते, पण ते माझ्याने होत नाही, आणि संक्रांतीला ती पुढच्या रांगेत बसून ती कविता माझ्या नावाने पुन्हा ऐकील हे मला सोसणार नाही. संग्रहाच्या प्रकाशकांना पत्र लिहून तयार ठेवले आहे. बाय सांगेल ते नाव त्यात घालीन आणि धाडीन.

तुला वर्गात खाली पाहावे लागेल, त्याबद्दल काय लिहू? मामाला शिकवायला एवढेच राहिले होते असे समज.

तुझा मामा म्हणवून घेणारा,
रावजी

अलिबाग,
ता. २३ डिसेंबर १९३४

ती. रावजीमामांस कमळचा सा. नमस्कार.

आपले पत्र मिळाले. मी आधी एकटीने वाचले आणि मला तुमचा फार राग आला. वर्गात केलेली बढाई आठवून दोन दिवस शाळेत जाववेना. आईला वाचून दाखवावे की फाडून टाकावे, असेही मनात आले. शेवटी बाबांना विचारले. ते म्हणाले, "तिचा कागद हाय तो. वाच."

आई सुकट निवडत बसली होती. मी सगळे वाचले. ओवी वाचली तेव्हा आई म्हणाली, "'बारीक' असं तोडून न्हाय म्हनायचं, वढून म्हनायचं." बाबा उठून दारात जाऊन उभे राहिले. तुम्हाला लिहू का, असे मी विचारले, तर म्हणाली, "आज नको." चार दिवसांनी आपणहून म्हणाली, "घे ती दौत." ती बोलली तसेच खाली उतरवते आहे. शुद्ध करायला निघाले होते, तर तिने हात धरला.

"रावजी, कागद ऐकला. तू लिवलंस ते झालं तसंच लिवलंस. मला राग आला व्हता. नाव घातलं न्हाईस म्हनून न्हाय. नावाचं मी काय करू, मला कुठं वाचता येतंय? तू येवढ्या मान्सांत ती वाचलीस आन् माझ्याकडं बघितलं न्हाईस, त्याचा आला. म्हनून म्हटलं परत वाच. वाटलं, आता तरी वर बघंल. तू आपला कागदातच. मग माझा गळा बंद झाला. मुद्दाम न्हाय केला.

"पन येक सांगते. तू येवढा शिकलास, पोरींना आन् पोरांना अर्थ सांगतोस, आन् ह्याचा अर्थ चुकलास. सोनू माझा सा म्हैन्यांचा व्हता. रांगत सुदीक नव्हता. त्याचं पाऊल चिखलात उठंल कुठनं?

"सोनू गेला तवा मला ओवी आलीच न्हाय. जात्यावर बसायची, तोंड उघडायची, काय न्हाय. म्हैनाभर सासूबाईंनी दळलं. त्याच्यावर मी कधी ओवी केली न्हाय, आजवर न्हाय. त्याची व्हत न्हाय.

"ही त्याच्या आधीची हाय. मामंजींनी तुला पल्याड शाळेत धाडला त्या दिसाची. सात वर्सांचा व्हतास. ओहोटी व्हती, होडी चिखलाच्या पार उभी. मी म्हटलं कडेवर घेते, तर म्हनालास, मी मोठा झालोय. माझं बोट सोडलंस आन् येकटा चिखलातनं गेलास. डोक्यावर नवी टोपी, ती पडंल म्हनून दोन्ही हातांनी धरलेली. होडीत चढलास, पानी भरलं, होडी पल्याड लागली. तू मागं बघितलं न्हाईस. बरं झालं, रडला असतास. तुझी पावलं व्हती तिथं मी बसून राहिले, पानी पायाला लागंस्तवर. आन् घरी जाऊन दळाय बसले तवा ही आली.

"तवा ती तुझीच व्हती. तू मागितली असतीस तर दिली असती. मागितली न्हाईस, येवढंच.

"कागदावरची कविता तुझी तू ठेव, तिच्यात माझं काय राह्यलंय? पन खाली लिवायला सांग, बहिनीच्या ओवीवरनं केली. आन् ओवी छापली तर जशी हाय तशी छापा म्हनावं. चिखल गाळू नका. मैनाला गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकून बांधायला सांग."

मामा, हे उतरवताना बाबा दाराकडे तोंड करूनच उभे होते. आईचे सांगून झाले तेव्हा ती पुन्हा कामाला लागली.

मी निबंध नव्याने लिहिला. भाव या भागात तुमचे आणि पुस्तकाच्या टिपेचे म्हणणे खोडून आईचे म्हणणे घातले आहे, आणि कारण म्हणून सहा महिन्यांच्या मुलाचे लिहिले आहे. बाईंना सारे खरे सांगितले. त्यांनी निबंध पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "तुझ्या आई समारंभात ओवी म्हणतील का?" आईला विचारले तर ती म्हणते, तिथे दळायचे जाते नाही, मग म्हणू कशी?

माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे खोटे कशाला लिहू? पण आईने विचारले आहे की तुम्ही संक्रांतीला येणार का. 'विचार' असे ती दोनदा म्हणाली.

आपली,
कमळ

बोर्ली पंचतन,
रविवार, ता. २० जानेवारी १९३५

ती. बाय हीस रावजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुला लिहितो आहे. कमळ वाचून दाखवील, पण तिच्या नावाने लिहीत नाही. तुझ्या नावाने पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी एकोणतीस वर्षे लिहितो-वाचतो आहे आणि तुला वाचता येत नाही म्हणून कधी लिहिले नाही.

गुरुवारी सुखरूप पोचलो. राजपुरीला होडीसाठी तासभर बसावे लागले, तेवढेच. मैनाने निरगुडी बांधली, तिला आराम आहे. तू दिलेले तीळगूळ तिने शाळेतल्या पोरांना वाटले.

समारंभात मी मागे पुरुषांत उभा होतो. तुझे डोके तेवढे दिसत होते. कमळने निबंध वाचला तेव्हा 'ही ओवी माझ्या आईची आहे' या वाक्याला बायका वळून तुझ्याकडे पाहू लागल्या आणि तू पदर ओढून घेतलास. मग कमळ म्हणाली की कवीला स्वतःच्याच कवितेचा भाव कळला नव्हता, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. शेजारी भावजी उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो शेवटपर्यंत ठेवला.

घरी आल्यावर तू मला पाटावर बसवून समोर बसलीस आणि जेवण होईस्तोवर पाहत राहिलीस. तेव्हा सांगायचे राहून गेले. आता लिहितो. बाय, मला तो दिवस आठवत नाही. फार प्रयत्न केला. टोपी आठवते, काळी होती. पल्याडच्या मास्तरांचे घर आठवते. चिखल, तू, तुझे बोट, यांतले काही आठवत नाही. शाळेत मुलांना सांगतो, कविता लक्षपूर्वक वाचा, तिच्यात कवीचे सारे आयुष्य असते. मी एक ओवी अठ्ठावीस वर्षे बाळगली आणि तिच्यात मी होतो हे मला दिसले नाही.

शाळेतल्या वरच्या वर्गाला काल ही गोष्ट सांगितली. नाव घेऊन सांगितली. हेडमास्तरांनाही सांगितली. प्रकाशकांचे उत्तर आले आहे. पुढच्या आवृत्तीत 'भगिनी मनुबाई यांच्या ओवीवरून' असे छापतील, ओवीला जागा होईल की नाही हे आताच सांगता येत नाही, असे लिहितात. मी पुन्हा लिहिले आहे की कविता काढा, पण ओवी घाला. ऐकतील असे वाटत नाही. लिहीत राहीन.

आणखी एक आहे. तुझ्या ओव्यांपैकी मला अकरा पाठ आहेत. बाकीच्या तुझ्याशिवाय कोणाला येत असतील असे वाटत नाही. त्यांतली एकही मी पुन्हा कोणत्या वृत्तात घालणार नाही. पण कमळने तू दळताना जवळ बसून त्या जशाच्या तशा उतरवाव्यात, शुद्धलेखन न करता, असे माझ्या मनात आहे. तिला ते माझ्यापेक्षा चांगले येते. वही तुझ्याच घरी राहील.

तुझी परवानगी असेल तरच. या वेळी विचारतो आहे. नको म्हणालीस तर नको, त्याने माझे शिमग्याला येणे चुकणार नाही.

तुझा भाऊ,
रावजी